दुधातलं पाणी आणि नुरा कुस्ती

वाळवा तालुक्यातल्या एका गावात दूध संकलन केंद्र चालवणाऱ्या ताईंनी विचारलंय: "एका आजोबांच्या म्हशीचं दूध सलग तीन सकाळी लॅक्टोमीटरवर २४ डिग्री लागलं. एरवी ३० च्या खाली कधी येत नाही. आजोबा हरिपाठ चुकवत नाहीत. माझ्या बारावीची फी त्यांनी भरली होती. अशी माणसं पाणी का घालतात? सगळ्यांसमोर बोलू का? आणि सगळेच थोडंफार करत असतील, तर सरळ वागणाऱ्यानं काय मिळवलं?"

ताई, मी कराड तालुक्यातल्या एका गावच्या दूध सोसायटीत अकरा वर्षं टेस्टर आणि सचिव होतो, पुढं वीस वर्षं दूध संघाचा पर्यवेक्षक म्हणून गावोगाव फिरलो. पाणी घातलेलं दूध मी हजारांनी पाहिलंय आणि पाणी घालणारी माणसंही. त्यात बदमाश म्हणावीत अशी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाकीची सगळी तुमच्या आजोबांसारखीच.

आधी तुमच्या कामाचं बोलतो, कारण चुकीच्या रीडिंगवर माणूस चोर ठरवला तर पुढचं सगळं बोलणं फुकट.

लॅक्टोमीटर, म्हणजे दुधाचा दाटपणा डिग्रीत दाखवणारी काचेची नळी, कुठल्या तापमानाला बघता? आपल्याकडचं बहुतेक २७ अंशांवर बसवलेलं असतं. धार काढून तसंच आणलेलं दूध ३७ च्या आसपास असतं, त्यात फेस असतो, हवा असते. अशा दुधाची डिग्री खऱ्यापेक्षा दोनेक तरी कमी दिसते. आजोबांचं घर डेअरीच्या शेजारी आहे का? म्हैस आजारी आहे का? कासेला दगडी (सूज) झाली की एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग, खाली येतो, जनावराची उपासमार झाली की येतो, उन्हाळ्यात नुसत्या वाळल्या कडब्यावर ठेवलं तरी थोडा येतो. मशीनवर बघत असाल तर ते शेवटचं नीट कधी धुतलं होतं? आणि शेवटची धार रेडकाला पाजत असतील तर फॅट धडाधड खाली येते, पण एसएनएफ फारसा हलत नाही. ही खूण पक्की ध्यानात ठेवा. रेडकू फक्त फॅट पळवतं, पाणी दोन्ही पळवतं. दोन्ही एकाच प्रमाणात खाली आले असतील तर मात्र आशा सोडा. ३० ची डिग्री २४ झाली याचा अर्थ किटलीतल्या पाच लिटरमध्ये एक लिटर पाणी आहे. एवढी घट एकट्या तापमानानं होत नाही आणि एकट्या कडब्यानंही नाही.

धरून चालू की पाणीच आहे. आता हिशोब मांडा. चार लिटर दूध, ७ फॅट. म्हणजे २८० ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश. त्यात लिटरभर पाणी घातलं की पाच लिटर होतं आणि फॅट लागते ५.६. पुन्हा २८० ग्रॅमच. एसएनएफ नऊच्या वरून साडेसातच्या खाली. आपल्याकडं म्हशीच्या दुधाला ६ फॅट आणि ९ एसएनएफचं प्रमाण धरून दर काढतात, त्याच्या खाली प्रत्येक पॉइंटला कपात, आणि फारच खाली गेलं तर दूध परत. म्हणजे घरोघरी रतीब घालणारा पाणी मिसळून कमावतो, पण फॅट-एसएनएफवर पैसे देणाऱ्या डेअरीत पाणी घालणारा बहुतेक वेळा तोट्यात जातो. मी हे गणित कागदावर मांडून माणसांना दाखवलंय. त्यांनी मान डोलावली, आणि पंधरा दिवसांनी त्यातल्याच काहींचं दूध पुन्हा पातळ.

या एका गोष्टीनं माझी समजूत पार बदलली. मला वाटायचं, माणूस फायदा-तोटा तोलतो, पकडलं जाण्याचा धोका तोलतो आणि मग लबाडी करतो. तसं असतं तर डेअरीत पाणी घालणारा एकही माणूस भेटायला नको होता.

मग का घालतात? मला भेटलेल्या कारणांतलं सगळ्यात मोठं कारण फार साधं होतं. म्हैस आटत आली. काल पाच लिटर होती, आज चार. म्हैस कर्जावर घेतलेली, हप्ता दहा दिवसांच्या बिलातून कापला जातो, आणि डेअरीत मापाडी मोठ्यानं आकडा पुकारतो. "पाच" ऐकायची सवय झालेल्या माणसाला "चार" चारचौघांत ऐकवत नाही. फॅट कुणी पुकारत नाही, लिटर पुकारतात. दुसरं कारण, घरात नातवंडं आलीत, सून बाळंतीण आहे, घरी जास्त दूध ठेवलं. तिसरं, दुपारी पाहुण्यांच्या चहाला गेलं. यातलं एकही कारण चोरीचं नाही, आणि म्हणूनच ते धोक्याचं. चोरी करतोय असं वाटलं असतं तर बहुतेकांनी हात आखडला असता.

माझ्या तीस वर्षांत एकाही माणसानं "मी पाणी घातलं" असं म्हटलेलं नाही. किटली विसळून घेतली, म्हणतात. चरवी ओली होती. धार काढताना हाताला पाणी लावावं लागतं. सुनेनं चुकून दुसऱ्या भांड्यात ओतलं. म्हैस उसाच्या वाड्यावर आहे, दूध पातळच पडतं. पाण्याला दुसरं काहीतरी नाव मिळालं की ते पाणी राहत नाही. आणि गंमत म्हणजे पाणी तेवढंच घातलं जातं जेवढं त्या नावात मावतं. विसळणात अर्धा-एक लिटर मावतं. पाच लिटर मावत नाही, म्हणून पाच लिटर कुणी घालत नाही. तुमच्या आजोबांनी लिटरभर घातलंय, म्हणजे त्यांच्याकडं नाव बरंच मोठं असणार. ते काय आहे ते शोधा. त्याचं पुढं बोलतो.

२०१९ साली शास्त्रज्ञांनी एक प्रयोग छापला होता, त्याची बातमी वाचून मला फार बरं वाटलं. ४० देशांतल्या ३५५ शहरांत, त्यात भारतही होता, त्यांनी बँका, हॉटेलं, सरकारी कचेऱ्या अशा ठिकाणी "सापडलेली" सतरा हजारांवर पाकिटं दिली आणि बघितलं, की मालकाशी कोण संपर्क साधतं. कुणालाही वाटेल की पाकिटात पैसे जास्त असले तर ते कमी परत येणार. झालं उलटं. पैसे असलेली पाकिटं रिकाम्या पाकिटांपेक्षा जास्त परत आली. रिकामं पाकीट ठेवून घेतलं तर तो विसराळूपणा, आळस. भरलेलं ठेवलं तर चोर. चोर हा शब्द स्वतःला लावून घ्यायला माणूस घाबरतो, पोलिसाला घाबरतो त्यापेक्षा जास्त. (या विषयावरचं सगळंच संशोधन डोळे मिटून घेऊ नका हं. "फॉर्मवर सही आधी घेतली की लोक खरी माहिती भरतात" असं सांगणारा एक गाजलेला निबंध २०२१ मध्ये मागं घ्यावा लागला, त्यातल्या एका प्रयोगाचे आकडेच बनावट निघाले म्हणून. प्रामाणिकपणावरच्या निबंधात! आमच्या डेअरीत अशा दुधाला साखर घातलेलं दूध म्हणतात. डिग्री बरोबर, बाकी सगळं गोड.)

आता माझं सांगतो. हे सांगितल्याशिवाय तुम्हाला उत्तर द्यायचा मला हक्क नाही.

मी टेस्टर झालो तेव्हा आमच्याकडं मापानं दूध घ्यायचे. लिटरचं माप, अर्ध्याचं, पाव लिटरचं. त्याच्या आतलं जे उरेल ते लिहायचं नाही. फेसाचं म्हणून थोडं धरायचं. शिवाय फॅट काढायला प्रत्येकाचं थोडं सँपल घ्यायचं. टेस्टला लागतं जेमतेम पावणेअकरा मिली, आम्ही घ्यायचो चमचाभर नव्हे, चांगलं पळीभर. उरलेलं कॅनमध्ये. प्रत्येक खेपेला सभासदाचं सरासरी ५० मिली दूध आमच्याकडं राहायचं. एकशेवीस सभासद, दोन वेळा. रोजचे बारा लिटर. त्याला आम्ही "वाढावा" म्हणायचो. वहीत तसंच लिहायचो, चेअरमन सही करायचे, हिशोब तपासनीस काही बोलायचा नाही. वाढावा लागतोच, असं जुने लोक सांगायचे. कधी दूध सांडतं, कधी नासतं, कधी शीतकरण केंद्रावर घट धरतात, ती भरून कशातून काढायची? मी त्यातला एक थेंब घरी नेला नाही, आणि म्हणून मी स्वतःला कडक सचोटीचा माणूस समजत होतो. आमच्या सातारा जिल्ह्यात माहुलीच्या रामशास्त्री प्रभुण्यांचं नाव घेतल्याशिवाय न्यायाची गोष्ट पुरी होत नाही. खुद्द राघोबादादांना खुनासाठी दोषी धरणारा माणूस. शाळेत शिकलेला तो रामशास्त्री बाणा मी सभासदांना ऐकवायचो, एका हातानं त्यांच्या दुधातलं पळीभर काढत.

एकदा एका आजीचं दूध पातळ लागलं. मी लेक्चर सुरू केलं. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "तू रोज माझं वाटीभर ढापतोस. मी वाटीभर पाणी घालते. फिट्टंफाट. तुझी वही खोटी तर माझं दूध खोटं."

मला तेव्हा रागच आला. तिच्या बोलण्यात खोट नव्हती हे कळायला दोन-तीन वर्षं गेली.

ताई, तुमच्याकडं कुंडलचं मैदान होतं. लाखांनी लोक जमतात. तिथं पैलवान लाल माती अंगाला लावतात, हात मिळवतात आणि लागतात. तिथं बसलेला शेतकरी, जो सकाळी किटली विसळून आलेला असतो, तोच कुस्ती ठरवून केलेली आहे असा नुसता संशय आला तरी उठून उभा राहतो. "नुरा आहे, नुरा आहे!" शिट्ट्या, आरडाओरडा. पैलवान हरला तर त्याला चालतं, नुरा केलेली खपत नाही. मी कित्येक वर्षं विचार करत होतो, की हाच माणूस डेअरीत वेगळा कसा वागतो? मग आजीचं बोलणं आठवलं. तो वेगळा वागतच नाही. डेअरीची कुस्ती आधीच नुरा आहे अशी त्याची खात्री झालेली असते. दर कुठं ठरतो त्याला माहीत नाही. फॅट खोलीच्या आत काढतात, त्याला दुसऱ्या दिवशी चिठ्ठी मिळते. काट्याचं तोंड मापाड्याकडं. उसाच्या काट्याबद्दल तर आपल्या दोन्ही जिल्ह्यांत "काटामारी" हा शब्द पोरांना बाराखडीबरोबर येतो, खरं किती आणि संशय किती हा भाग वेगळा. नुरा कुस्तीत एकट्यानंच मनापासून लढणारा पैलवान खुळा ठरतो. खुळं ठरायची भीती ही लबाडीची मोठी आई आहे. लोभ तिच्यापुढं किरकोळ.

धाक दाखवून काय होतं हेही पाहिलंय. १९४३ नंतरच्या पत्रीसरकारच्या गोष्टी आमच्या आजोबांच्या तोंडून ऐकत आम्ही वाढलो. नाना पाटलांच्या माणसांनी सावकार नि गुंड कसे सरळ केले, पायाला पत्र्या कशा ठोकल्या वगैरे. त्यामुळं आपल्याकडं कुठलीही लबाडी दिसली की "पत्र्या ठोकायला पाहिजेत" हे पहिलं वाक्य. मीही तेच केलं, खडूनं. डेअरीच्या दारातल्या फळ्यावर पातळ दूधवाल्यांची नावं लिहायला लागलो. ती माझी घोडचूक. महिन्याभरात तीन गोष्टी झाल्या. एक घर कायमचं तुटलं, खासगी गवळ्याला दूध घालू लागलं. दोन-तीन जणांनी दुधात साखर घालून डिग्री वर आणायची विद्या शिकून घेतली, जी आधी गावात कुणालाच येत नव्हती. आणि ज्यांचं नाव कधी फळ्यावर आलं नव्हतं त्यांना पहिल्यांदाच कळलं, की पाणी घालणारे आपल्याला वाटत होते त्यापेक्षा किती जास्त आहेत. त्यांतले काही पुढच्या महिन्यात फळ्यावर आले. फळा मी धुऊन टाकला, पण लोकांच्या डोक्यातला धुता आला नाही.

जे चाललं ते फार साधं होतं, आणि सगळं काट्याच्या माझ्या बाजूला होतं. इलेक्ट्रॉनिक काटा आणला तेव्हा आकड्याचं तोंड सभासदाकडं फिरवलं. वैधमापन खात्याकडून दरवर्षी काट्याची पडताळणी करून घ्यायची असते, ते प्रमाणपत्र कपाटातून काढून भिंतीवर लावलं. सँपल घ्यायच्या आधी दूध त्याच्यासमोर तळापासून ढवळायला लागलो. वरवरचं घेतलं तर फॅट जास्त लागते, तळाचं घेतलं तर कमी, हे प्रत्येक टेस्टरला माहीत असतं आणि ओळखीच्या माणसासाठी पळी कुठं बुडवायची हेही. सँपलचं उरलेलं दूध वेगळ्या कॅनमध्ये साठवून त्याचे पैसे दिवाळीच्या फरकात, म्हणजे सोसायटी वर्षाअखेरीला सभासदांना वाटते त्या जादा रकमेत, सगळ्यांना वाटले. रक्कम किरकोळ होती. पण ती वाचून दाखवली तेव्हा सभेत जो गलका झाला तो मी विसरणार नाही. "म्हणजे इतकी वर्षं..." इथपर्यंत बोलून लोक थांबत होते. पुढचं मला ऐकू येत होतं. आणि रोज सकाळी पहिलं दूध माझ्या म्हशीचं. डिग्री मोठ्यानं पुकारायची. एकदा माझंच २७ लागलं. घरी विचारलं तर बायको म्हणाली, चरवी विसळून घेतली होती. आमच्याही घरात तेच नाव!

एक गोष्ट मात्र पैशाची होती, ती लोकांना समजावून सांगावी लागली. लोकांना वाटायचं आपण संघाला फसवतोय, संघ मोठा आहे, त्याला काय फरक पडतो. पण गावाचं सगळं दूध एकत्र जातं, शीतकरण केंद्रावर त्या एकत्र दुधाची फॅट-एसएनएफ काढतात, आणि तिथं बसलेली कपात सोसायटीच्या फरकातून सगळ्यांच्या वाट्यानं जाते. तुमचं लिटरभर पाणी संघ पीत नाही, शेजारी पितो. हे कळल्यावर काही चेहरे जे पडले ते धाकानं कधी पडले नव्हते. फसवायला माणसाला एक बिनचेहऱ्याचा कुणीतरी लागतो. सरकार, संघ, बँक, कारखाना. शेजारणीचा चेहरा मध्ये आला की किटली विसळणं अवघड जातं.

पाणी पूर्ण थांबलं का? नाही. कमी झालं. दोन माणसं शेवटपर्यंत घालत राहिली, एक त्यातला आता गावचा मोठा पुढारी आहे.

आणि सरळ वागणाऱ्यानं काय मिळवलं, हा तुमचा शेवटचा प्रश्न. पैशात विचाराल तर फार नाही. दुष्काळात, वैरण महाग झालेली असताना, मी सरळ माणसं मागं पडताना पाहिलीत, आणि त्यांना "देव बघतोय" एवढं म्हणून मोकळं होणं मला कधी जमलं नाही. पण एक गोष्ट मी टेस्टर म्हणून खात्रीनं सांगू शकतो. आमच्याकडं एक विधवा बाई दूध घालायच्या. चौदा वर्षांत त्यांचं दूध एकदाही हललं नाही. एके सकाळी मशीननं त्यांचं २२ दाखवलं. त्या काही बोलायच्या आत माझा हात मशीनकडं गेला, दुधाकडं नाही. नळीत कालचं दूध अडकलं होतं. तोच आकडा दुसऱ्या कुणाचा असता तर मी मशीन उघडलं नसतं, त्याच्या तोंडाकडं बघितलं असतं. त्या सकाळी रांगेतल्या एकानंही मान वळवून त्यांच्या किटलीत डोकावलं नाही. याची किंमत दर लिटरला किती धरायची ते तुम्हीच ठरवा. मला कधी जमलं नाही.

आजोबांचं असं करा. काउंटरवर एक शब्द बोलू नका. दर त्या दिवशी जो बसेल तो बसू द्या, चिठ्ठी खरी द्या. फी भरली होती म्हणून आकडा वाढवून लिहिलात तर तुमची वही खोटी आणि त्यांचं दूध खोटं, आजी म्हणाली तसं. मग एका संध्याकाळी धारेच्या वेळी त्यांच्या गोठ्यावर जा. वही न घेता. चहा घ्या. म्हशीच्या पाठीवरून हात फिरवा आणि विचारा, "आजोबा, आटायला लागली का हो ही?" बहुतेक वेळा एवढ्यावरच माणूस बोलता होतो. आटत असेल तर हप्ता पुढं ढकलता येतो का ते चेअरमनना विचारा, गाभण राहिली का ते डॉक्टरांना बघू द्या, आणि मापाड्याला लिटरचा आकडा मोठ्यानं पुकारू नको म्हणून सांगा. उद्यापासून सगळ्यांसाठीच, फक्त आजोबांसाठी नाही. ते काहीच बोलले नाहीत तर गोठ्यातच, तुमच्यासमोर काढलेल्या धारेचं सँपल घेऊन बघा. लॅक्टोमीटर बरोबर न्या. पण पहिल्या दिवशी ते पिशवीतच राहू द्या.